घड्याळजींचा गेमिंग कॉम्प्युटर

घड्याळजींनी गेमिंगचा कॉम्प्युटर घरी आणला आणि पहिलं काम काय केलं, तर तो उघडला. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, "काका, सगळं जोडून दिलंय, तुमच्या मुलीचा गेमही भरलाय. याहून स्वस्त मिळणार नाही. फक्त प्लग लावा, आत हात घालू नका." पण तीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून पोट भरलेल्या माणसाला बंद झाकण बघवत नाही. त्यातून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूतला सेल आधी बदलायचा, हा त्यांचा नेम. दुकानातल्या सेलवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आत एक चपटा, गोल सेल दिसताच त्यांनी तो चिमट्याने उचलला, आपल्या डबीतला कोरा बसवला आणि समाधानाने हात झटकले.

"अहो, धड आहे ते बिघडवू नका," बायको म्हणाली. "आज पाचला पोरगी वाट बघणार आहे."

सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. मुलीने चांगली कायमची नोकरी सोडून गेम बनवायला घेतले, तेव्हा घड्याळजी बोलून गेले होते, "खेळण्यांपायी आयुष्याची माती करणार तू." ती जी उठून गेली, ती तीन महिने बापाशी बोलली नव्हती. शेवटी आईजवळ निरोप आला होता: बाबांनी रविवारी पाचला नेटवरून माझा गेम माझ्यासोबत खेळून बघावा, मग काय ते बोलावं. नाही जमलं तर मी परत विचारणार नाही.

पाच वाजले. पडद्यावर ऊन येत होतं म्हणून घड्याळजींनी खिडकी झाकून घेतली, आणि रोजची खोली एकाएकी परकी वाटायला लागली. कॉम्प्युटरच्या पोटातला लाल उजेड भिंतीवर चढला. कोपऱ्यात कुणी झोपेत श्वास घ्यावा तसा पंखा घरघरू लागला. पडद्यावर इंग्रजीत चार बारीक ओळी आल्या. त्या न वाचताच घड्याळजींनी 'ओके' दाबलं.

समोर एक लांबच लांब रिकामा बोळ होता. दोन्हीकडे बंद दारं. टोकाला हातात कंदील घेतलेली एक मुलगी पाठमोरी उभी होती.

"आलीस?" घड्याळजी कानावरच्या हेडफोनच्या दांडीत बोलले.

ती वळली, पण बोलली नाही. घड्याळजी चार पावलं चालले, तीही चार पावलं चालली. ते थांबले, तीही थांबली. त्यांनी एक दार उघडलं, तर ती आधीच आत उभी.

"रागावलीयस अजून," घड्याळजी म्हणाले. राग आला की ती लहानपणापासून अशीच गप्प बसायची. आणखी तीन खोल्या तशाच गेल्या. चौथ्या खोलीत घड्याळजींना राहवेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुला बोललो त्या रात्री झोपलो नाही मी. तू पडशील, अशी भीती वाटली गं. भीती वाटते म्हणायची लाज वाटली, म्हणून ओरडलो."

मुलगी एकटक बघत राहिली. घड्याळजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ते थांबेचनात. पाऊण तास बोलत होते.

दारातून बायकोचा दबका आवाज आला, "अहो... ती पापणी लववत नाहीये हो."

घड्याळजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावरच्या मुलीवरची नजर न काढता त्यांनी हेडफोन सरकवून तो कानाला लावला.

"बाबा, कुठे आहात? पाचपासून एकटी बसलेय मी इथे!"

"तू... तू तर माझ्यासमोर आहेस."

"तुमच्या कॉम्प्युटरवर तारीख काय दिसतेय?"

घड्याळजींनी कोपऱ्यात पाहिलं, तारीख वाचून दाखवली आणि ओशाळले. त्यांच्या घरात एक घड्याळ तब्बल अकरा वर्षं मागे होतं.

"आतला सेल काढलात ना? त्यानेच वेळ पुसली गेली. तारीख चुकली की नेट जोडत नाही, मग गेम आपली एक बाहुली देतो सोबतीला. तसं लिहून आलं असणार, वाचलं नाहीत? तेव्हापासून काय करताय तिच्याबरोबर?"

"काही नाही," घड्याळजी घसा खाकरत म्हणाले. "असंच. हवापाण्याचं. तू जेवलीस का?"

बायकोने त्यांच्या हातून फोन ओढून घेतला. "जेवणाचं राहू दे. तुझ्या बापाने तुझी माफी मागितली, अगदी रडून मागितली, ती त्या बाहुलीकडे. आता परत मागायला जीभ रेटत नाहीये." आणि फोन पुन्हा घड्याळजींच्या कानाला दाबून धरला.

"बाहुली काय म्हणाली?" मुलीने विचारलं. तिचा आवाज ओला होता.

"काही नाही. नुसती ऐकत होती."

"मग मीही काही म्हणत नाही, बाबा. पहिल्यापासून सांगा."