नळी सोडून बाकी सगळं

कोणत्याही धंद्याची भरभराट त्याच्यावर किती फेस येतो यावरून ओळखावी. या कसोटीवर आमचा बिअरबार भलताच भरभराटीला आला होता. ग्लासात तीन बोटं बिअर आणि वर वीतभर फेस. (वीत मालकांची धरावी.)

मालकांनी तातडीने दोन पावलं उचलली. अठरा वर्षं तोटीवर उभं राहून बिअर भरणाऱ्या तोटीकाकांना पंधरा दिवसांची मुदत दिली: फेस गेला नाही, तर तुम्ही जाल. आणि 'फेस निवारण समिती' नेमली. अध्यक्ष मालकांचे मेहुणे (स्वतः फक्त सरबत घेतात, म्हणून निःपक्षपाती). चिटणीस मी.

पहिल्याच बैठकीत काका म्हणाले, "साहेब, पिंपापासून तोटीपर्यंतची नळी दीड वर्षात धुतलेली नाही. एक सकाळ बार बंद ठेवा, मी धुतो. फेस जाईल."

"काका, इतकं सोपं असतं तर समिती कशाला नेमली असती?" अध्यक्ष म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. मी तो इतिवृत्तात घेतला.

मग समितीने हाडाची काडं केली. ग्लास किती तिरका धरावा हे मोजायला अध्यक्षांनी मुलीची कंपासपेटी आणली. पंखा बंद केला, पुन्हा लावला. गॅसचा दाब वाढवला, उतरवला आणि होता तिथे आणून ठेवला. काकांचा डावा खांदा उतरता असल्याचं निष्पन्न झालं, तेव्हा त्यांच्या पायाखाली फळी दिली. फेस तसूभर हलला नाही. चवीबद्दल शंभर गिऱ्हाइकांकडून अर्ज भरून घेतले. सत्त्याण्णवांनी लिहिलं, 'किंचित आंबूस, पण जाणकारांसाठी उत्तम.' (तिघं पेन घेऊन गेले.)

चौदाव्या दिवशी काका भल्या सकाळी आले आणि कोणालाही न विचारता त्यांनी नळी धुतली. आतून जे निघालं ते मी पाहिलं आहे. इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही. दुपारी ग्लासात गच्च बिअर आणि वर जेमतेम दोन बोटं फेस. काका त्या ग्लासाकडे बघत राहिले. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस तक्रारी आल्या. 'पाणी घालतात.' 'पूर्वीची आंबूस मजा गेली.'

"अहो, ती मजा नव्हती, बुरशी होती," काका म्हणाले.

गिऱ्हाइकाच्या अभिरुचीचा अवमान केल्याबद्दल पंधराव्या दिवशी काकांना नारळ मिळाला. नळीला आता कुलूप आहे. चव पूर्ववत व्हायला सात आठवडे लागले.

निघताना काकांनी तक्रारींचा गठ्ठा मागून घेतला आणि एका कागदापाशी थांबले. "हे कोपऱ्यातल्या टेबलावरचे साहेब ना? आठ वर्षं मीच भरून देतोय त्यांना. भला माणूस." कागद दुमडून त्यांनी परत दिला.

तो अजून माझ्या खणात आहे. शेजारच्या टेबलावरच्या तक्रारीवरून जसाच्या तसा उतरवलेला, खाडाखोडीसकट. अक्षर तुमचं आहे. बसा ना तुमच्या कोपऱ्यात, उभे का? नेहमीचीच आणू?