साक्रीला उसना दिलेला स्ट्रायकर

खान्देशात फुटबॉलचा खेळाडू 'लोन'वर देण्याची पद्धत कोणी सुरू केली, असा प्रश्न उद्या एखाद्या परीक्षेत आला तर उत्तर आत्ताच पाठ करून ठेवा : जितेंद्र वाणी, कोच, तापी टायगर्स, जळगाव. म्हणजे मीच! फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी आहेच, पण ती पुढे आपोआप कमी होत जाईल.

त्याचं असं झालं, की आमच्या क्लबात स्ट्रायकर दोन झाले.

पहिल्याचं नाव नवीन. भडगावचा पोरगा, जळगावला कॉलेजात शिकायला आलेला. केळीच्या खांबासारखा उंच, आणि पायात अशी ताकद की त्याचा फटका अडवणाऱ्या गोलकीपरला संध्याकाळी भाकरी मोडता यायची नाही! खोड एकच. पास द्यायचा नाही. बॉल पायाशी आला की बाकीचे दहा जण त्याच्या लेखी प्रेक्षक. मी बाहेरून घसा फोडायचो, "पास दे! अरे पास दे!" तो माझ्याकडे बघून हसायचा आणि एकटाच पुढे निघायचा.

दुसरा रोनक. त्याच्या खेळाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की तो अभयकुमार शेठचा मुलगा. आणि अभयकुमार शेठ आमच्या क्लबाचे अध्यक्ष. जर्सी त्यांच्या, बॉल त्यांचे, जाळ्या त्यांच्या. माझी नोकरीसुद्धा त्यांच्याच कापड दुकानात. सकाळी गोदामात साड्यांचे गठ्ठे लावायचे, संध्याकाळी मैदानावर पोरं लावायची. रोनक तसा गुणी मुलगा. पण धावायचा असा, जणू नवे बूट चिखलापासून वाचवतोय. बॉल जवळ आला की लग्नातल्या पाहुण्यासारखा बाजूला सरकून त्याला वाट करून द्यायचा!

एके दिवशी शेठ म्हणाले, "जितेंद्रभाऊ, या सीझनला रोनकला पुढे खेळवा. पेपरात फोटो स्ट्रायकरचाच येतो."

"शेठ, त्याने गोल मारला तर येतो."

"ते तुम्ही बघा. कोच तुम्ही आहात."

आता नवीनचं काय करायचं? बाकावर बसवला तर पोरं कुजबुजणार. काढून टाकला तर बोंब होणार. मग आठवलं, युरोपातले मोठे क्लब तरण्या खेळाडूला वर्षभर लहान क्लबाकडे देतात. तिकडे तो खेळतो, शिकतो, तयार होऊन परत येतो. वा! नको असलेल्या माणसाला घालवायचं आणि त्याला विकास म्हणायचं. ही युक्ती मोठमोठ्या ऑफिसांत चालते, मग तापी टायगर्समध्ये का चालू नये?

घरी मी ही कल्पना मोठ्या उत्साहाने मोहिनीला सांगितली. मोहिनी म्हणजे आमची सौभाग्यवती. ती शेवभाजीला फोडणी देत होती.

"म्हणजे शेठच्या पोरासाठी जागा रिकामी करताय," ती म्हणाली.

"तुला फुटबॉल कळत नाही."

"फुटबॉल नाही कळत. तुम्ही कळता."

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि साक्रीच्या वनासरांना फोन लावला. वनासर तिथल्या शाळेत खेळाचे शिक्षक, आणि तिथल्या टीमचे सर्वेसर्वा.

"स्ट्रायकर देतो, वर्षभरासाठी. घेता का?"

"धाडी द्या ना भाऊ! आम्हना आठे एक मानूस कमीच शे."

झालं! खान्देशातला पहिला लोन करार चहाच्या कपाइतक्या वेळात पूर्ण झाला. अटी-बिटी काही ठरल्या नाहीत. त्या ठरवायच्या असतात, हे मला नंतर कळलं.

नवीनला मी समजावलं, "तुला साक्रीला लोनवर पाठवतोय. कॉलेजात परीक्षेपुरता ये."

"लोन? माझ्यावर कर्ज काढताय का, कोच?"

"नाही रे! उसना देतोय. शेजारणीला आपण वाटीभर साखर देतो, तसा."

"साखर परत येते का, कोच?"

पोरगा कधीकधी नको तिथे हुशारी दाखवायचा. पण गेला बिचारा, बॅग घेऊन, साक्रीच्या एस.टी.त. खिडकीतून हात हलवताना त्याचा चेहरा उतरलेला होता. मी हात जास्तच जोरात हलवला.

त्याने घरी आईला फोन केला, 'मला उसनं दिलंय' म्हणून. आईने शेजारी सांगितलं. शेजारणीने पाणवठ्यावर सांगितलं. संध्याकाळपर्यंत भडगावात बातमी अशी झाली, की जळगावच्या कोचने सुमनबाईंचा पोरगा गहाण ठेवला! आणि बाजाराच्या दिवसापर्यंत मी त्याला गुजरातेत विकूनही मोकळा झालो होतो!

सुमनबाई थेट मैदानावर आल्या. नेमके शेठही तिथे, रोनकचे फोटो काढत उभे.

"कोठे शे तो कोच?"

मी रोनकच्या मागे उभा राहायचा प्रयत्न केला. पण सवयीप्रमाणे तो बाजूला सरकला.

"मन्हा आंडोरले उसना दिधा म्हनतस! तो काय पिठनी वाटी शे का?"

"अक्का, ऐका तर... त्याच्या विकासासाठी..."

"वापस कव्हय येई तो?"

"सीझन संपला की, अक्का! आणि असा तयार होऊन येईल की तुम्हीच ओळखणार नाही!"

"मन्हा पोर्‍याले मीच नही वळखाव?" सुमनबाई कडाडल्या. भरिताच्या वांग्यासारखा माझा चेहरा चहूबाजूंनी भाजून निघाला. शेठ मात्र फोनमध्ये असे बुडाले होते, जणू मी कोण हे त्यांना ठाऊकच नाही.

सीझन सुरू झाला. रोनक पुढे खेळू लागला. आम्ही जिंकतही होतो! आमचे डिफेन्डर दगडासारखे, गोलकीपर वाघासारखा, आणि दोन टीम वेळेवर पोचल्याच नाहीत. खान्देश चषकात आम्ही पुढे पुढे सरकत राहिलो.

साक्रीकडे मी पेपरातून लक्ष ठेवून होतो. साक्री विजयी. गोल : लोटन, उखर्डू. पुढच्या आठवड्यात, साक्री विजयी. गोल : उखर्डू, लोटन, लोटन. नवीनचं नाव कुठेच नाही! मी मोहिनीला पेपर दाखवला. "बघ, तिकडेही बाकावर बसलाय. माझी नजर चुकत नाही."

"फोन करून विचारा ना त्याला."

"कशाला? वाईट वाटेल त्याला."

खरं म्हणजे, विचारलं असतं तर बरं झालं असतं. साक्रीचं मैदान म्हणजे निम्मं मैदान आणि निम्मा आठवडे बाजार. सरावाला एकट्याने बॉल घेऊन पुढे निघालं की माणूस थेट कांद्याच्या ढिगात! पहिल्याच दिवशी नवीन तीन दुकानं ओलांडून मिरचीवालीच्या टोपलीत जाऊन बसला होता म्हणे. शिवाय वनासरांचा नियम असा, की ज्याने बॉल नाल्यात मारला त्यानेच तो काढून आणायचा. थोड्याच दिवसांत पोरगा मान वर करून आजूबाजूला बघायला शिकला. माझा इतक्या महिन्यांचा घसा जे करू शकला नाही, ते कांद्याने केलं! हे सगळं मला कळलं ते अर्थात फार उशिरा.

फायनल धुळ्याला. आमच्यासमोर कोण? साक्री!

शेठ घाबरले. "जितेंद्रभाऊ, आपणच दिलेल्या पोराने आपल्यावर गोल मारला तर? व्यापारी मंडळात तोंड दाखवता येणार नाही!"

मी वनासरांना फोन केला. "सर, उसना दिलेला खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध खेळवायचा नसतो."

"आसं तं ठरेल नव्हतं, भाऊ."

नव्हतंच ठरलेलं. शेठ म्हणाले, "मग पोराशी बोला. आपलाच आहे ना तो?"

मॅचआधी मी नवीनला तंबूच्या मागे गाठलं. पोरगा अंगाने भरला होता, काळवंडला होता, आणि पूर्वी बोलताना जमिनीकडे बघायचा तो आता सरळ डोळ्यांत बघत होता.

"नवीन, तू कोणाचा?"

"भडगावचा."

"तसं नाही रे! क्लब कुठला?"

"तुमचाच, कोच. इकडे उसना."

"मग आपल्याच घरावर गोल मारशील?"

त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "आई येणार आहे आज. पहिल्यांदाच बघणार आहे मला खेळताना."

इथे मी थांबायला हवं होतं. पण पलीकडे शेठ उभे होते, आणि माझी नोकरी त्यांच्या गोदामात होती.

"आई खेळ बघेलच की! फक्त आज गोल मारू नकोस."

"गोल मारायचा नाही. एवढंच ना?"

"एवढंच!"

"बाकी खेळायचं?"

"बाकी जोरात खेळ! कोणाला संशय यायला नको."

मॅच सुरू झाली. नवीनने मधूनच बॉल घेतला, आमचे दगडी डिफेन्डर एकेक करून मागे टाकले आणि गोलसमोर एकटा येऊन उभा! मैदान उठून उभं राहिलं. मी मात्र हाताची घडी घालून शेठकडे बघून हसलो. नवीनने बॉल थांबवला, आमच्या गोलकीपरकडे पाहिलं आणि अलगद बाजूला सरकवला. तिथे लोटन. गोल!

शेठ म्हणाले, "मारला कोणी?"

"लोटनने."

"नवीनने नाही ना?"

"नाही."

"मग ठीक."

थोड्या वेळाने नवीनने टाचेनं बॉल मागे सोडला. तिथे उखर्डू. गोल! यावेळी शेठ ठीक म्हणाले नाहीत. उलट मैदानातून टाळ्यांचा आवाज आला. टाळ्या रोनक वाजवत होता! "वा! काय पास!"

"रोनक, ती समोरची टीम आहे!" मी ओरडलो.

"पण पास चांगला होता ना, कोच!"

आता मात्र माझी हाताची घडी सुटली. मी रेघेवर धावलो आणि सगळ्या धुळ्यासमोर हातवारे करत ओरडलो, "नवीन! पास देऊ नकोस! अरे, पास देऊ नकोस!"

रेफरीने शिट्टी तोंडातून काढली. वनासर पलीकडून म्हणाले, "जितूभाऊ, तुम्हना खेळाडू तठे शेत!" आणि लोक हसायला लागले.

शेवटाला तर कमाल झाली. रोनकच्या पायाशी चुकून बॉल आला. पाच जण अंगावर धावत येताना बघून तो बावरला, इकडे तिकडे बघू लागला, आणि त्याला एकच ओळखीचा चेहरा दिसला. त्याने नवीनला पास दिला! सीझनभरातला त्याचा सगळ्यात अचूक पास. पुढे लोटन, आणि तिसरा गोल.

तीन-शून्य! साक्रीच्या पोरांनी नवीनला खांद्यावर घेतलं. तो तसाच, वरूनच, मला शोधत आला आणि आनंदाने ओरडला, "कोच! तुमचा शब्द राखला! गोल मारू नको म्हणालात, एकही मारला नाही!"

सगळ्या मैदानाने ते ऐकलं. रेफरीनेसुद्धा.

गर्दीतून सुमनबाई पुढे आल्या. हातात पोरासाठी बांधून आणलेला डबा. "मी एस.टी.ना धक्का खाईसन उनू, त्याना गोल देखाले. अन् तुम्हीन त्याले सांगं, गोल मारू नको?" यावेळी त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वनासर म्हणाले, "भाऊ, हाई तुम्हले कोनी सांगं?"

मी शेठकडे पाहिलं. शेठनी आभाळाकडे पाहिलं. "अरेरे! असलं काही चालतं, याची मला तर कल्पनाच नव्हती!" आणि त्यांनी भरल्या गळ्याने सुमनबाईंची माफी मागितली, माझ्या वतीने! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. नवीन मधोमध, त्याच्या खांद्यावर शेठचा हात. खाली मजकूर : 'खेळाडू घडवणारे अध्यक्ष'.

नवीन जळगावला परत आला. आता तो तापी टायगर्सचा कॅप्टन आहे. रोनकने फुटबॉल सोडला, प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर खूश दिसतो.

शेठनी मला दुकानात बोलावलं. "जितेंद्रभाऊ, तुमची ती लोनची कल्पना उत्तम. पोरगा किती सुधारला!"

"मी म्हणत होतोच, शेठ!"

"माणूस बाहेर गेला की सुधारतो. म्हणून वनासरांशी बोललोय. एक सीझन तुम्ही साक्रीला."

मोहिनीने बॅग इतक्या झटपट भरली की ती आधीच भरून ठेवली होती की काय, अशी मला शंका आली.

तर सध्या मी साक्रीत आहे. वनासरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्हाला काय येतं? मी म्हणालो, रणनीती. त्यांनी माझ्या हातात चुन्याची बादली दिली. रेघा मारायच्या आणि बाजाराच्या दिवशी पेनल्टी एरियातून कांदेवाल्यांना उठवायचं. ते उठत नाहीत. एकाला मी ऑफसाइड समजावून सांगितला, तर त्याने मला कांदे निवडायला बसवलं.

परवा वनासर जरा बाजूला जाऊन शेठशी फोनवर बोलत होते. ऐकू नये असं वाटत होतं, पण फोनचा आवाज मोठा होता.

"शेठ, तुम्हना मानूस लई जा ना वापस."

"मुदत कुठे संपलीय? राहू द्या हो."

"मंग आम्हीन त्याले पुढे नवापूरले उसना दी टाकू का?"

पलीकडे शेठनी थोडा विचार केला.

"बघा, घेतात का."