दोन बासऱ्या आणि एक घुरघुर

बहिणीचं पत्र येऊन एकवीस दिवस झाले होते आणि सरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र एव्हाना त्यांना पाठ झालं होतं.

"दादा," धाकट्या बहिणीने लिहिलं होतं, "तू करून दिलेल्या अँप्लिफायरवर मी एकटी बासरी वाजवते तेव्हा आवाज स्वच्छ येतो. जाऊबाई एकट्या वाजवतात तेव्हाही स्वच्छ. दोघी मिळून वाजवायला लागलो की आतून तिसरंच कुणीतरी घुरघुरतं. मी म्हणते, त्या मुद्दाम घशातून आवाज काढतात. त्या म्हणतात, मी काढते. आता आमचं बोलणं बंद आहे. फोन त्यांच्या खोलीत, म्हणून पत्र. पुढच्या महिन्यात जोडीचा कार्यक्रम आहे. बारा वर्षांची जोडी मोडू का, ते कळव. तुझं यंत्र खोटं बोलत नसेल ना?"

सरांची हयात कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत गेली होती. यंत्राच्या झाकणावर त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, 'रेषीय'. म्हणजे आत जेवढं घालाल त्याच्या ठरावीक पटीत बाहेर येणार. दुप्पट घातलं तर दुप्पट. दोन आवाज एकदम घातले तर त्या दोघांचीच बेरीज, पदरची भर नाही. तेव्हा तिसरा आवाज यंत्राचा असणं शक्यच नव्हतं. दोघींपैकी एक खोटं बोलत होती. पण हे सख्ख्या बहिणीला लिहायचं कसं? सर रोज 'अनेक आशीर्वाद' एवढं लिहून पेनाला टोपण लावत.

"अहो, जावेवर संशय घेता, तसा जरा यंत्रावरही घ्या की," बायको म्हणाली.

"अगं, एकेकटीला स्वच्छ, म्हणजे दोघींना मिळूनही स्वच्छच. साधी बेरीज आहे."

"तुमचा भाऊ एकटा येतो तेव्हा गुणी. त्याचा मेहुणा एकटा येतो तेव्हा गुणी. दोघं एकदम आले की माझं घर उलटंपालटं. ही कुठली बेरीज?"

सर उठले. त्यांनी माळ्यावरून तसंच दुसरं यंत्र काढलं. बासऱ्या नव्हत्या, पण बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती, तिची शिट्टी होती. दुसऱ्या शिट्टीसाठी शेजारचे निवृत्त ट्रॅफिक हवालदार आले, कडक इस्त्रीच्या शर्टात. दोघांना मायक्रोफोनसह स्वयंपाकघरात बसवून सर स्पीकरपाशी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

बायकोची शिट्टी स्वच्छ. हवालदारांची स्वच्छ. मग दोघांनी एकदम फुंकली आणि स्पीकरमधून तिसरंच कुणीतरी घुरघुरलं.

सर बाहेर आले. त्यांनी आधी टेबलाखाली पाहिलं, मग दोघांकडे.

"तुमच्यापैकी कोण घुरघुरलं?"

"माझ्याकडे काय बघता? मी शिट्टी वाजवत होते," बायको म्हणाली. "भाऊजी, तुम्ही मघाशी पाणी फार प्यालात."

"वहिनी, चौतीस वर्षं चौकात काढलीत मी. शिट्टीशिवाय आवाज काढला नाही. तुमचाच घसा बसलेला वाटतो."

"माझा घसा?"

"मी कुठे नाव घेतलं?"

"घेतलंत की आत्ता!"

एका मिनिटात बहिणीचं अख्खं पत्र सरांच्या स्वयंपाकघरात बोलू लागलं होतं. सर घाबरून पुन्हा यंत्राकडे गेले. आवाजाचं बटण पूर्ण वर होतं आणि कुणी छेडछाड करू नये म्हणून त्यांनी स्वतःच ते गोंदाने चिकटवून टाकलं होतं. बहिणीकडच्या यंत्राचंही. कुणाच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी ब्लेडने गोंद खरवडला, बटण निम्म्यावर आणलं.

"फुंका!"

दोघांनी रागारागाने फुंकलं. स्वच्छ. बटण वर, घुरघुर. खाली, स्वच्छ.

सर स्टुलावर बसले. यंत्र सरळ होतं, पण एका मर्यादेपर्यंतच. एकटा आवाज कसाबसा मावत होता. दोन एकदम आले की त्यांच्या लाटांचे शेंडे छाटले जात आणि त्या छाटाछाटीतून तिसरा आवाज जन्माला येई. घशातून कुणीच काही काढत नव्हतं.

हवालदार आपली शिट्टी खिशात घालून निघून गेले. सरांनी चार पानी उत्तर लिहिलं, आलेखासह.

"यात चूक कुणाची ते कुठंय?" बायकोने विचारलं.

"तिसऱ्या पानावर. अप्रत्यक्षपणे."

तिने पोस्टकार्ड पुढे ठेवलं. बराच वेळ पेन हवेत धरून सरांनी लिहिलं, "चूक माझी. तुम्ही दोघी खऱ्या. बटणावरचा गोंद खरवडून आवाज निम्मा करा. हे जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखव."

टपालपेटी नेमकी हवालदारांच्या फाटकाशेजारी होती. ते तिथेच हाताची घडी घालून उभे होते.

"सर, आपल्यातच राहील," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वहिनीच होत्या ना?"

"नाही हो," सर म्हणाले. "तो मी होतो."

"तुम्ही?" हवालदारांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "दार लावून, आतून?"

सरांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. मग 'हो' म्हणाले आणि पोस्टकार्ड पेटीत टाकलं.