शेपटीपासून शिंगांपर्यंत

आमच्या शाळेचे व्यायामशिक्षक गव्हाणे सर सगळा हिशोब म्हशीत करत. मुख्याध्यापकांनी नवी सायकल आणली तेव्हा आम्ही सगळे घंटी वाजवून बघत होतो. सरांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बरी हाय. एक पाय अन् थोडी शेपूट गेली असंल." पगाराची सही करून बाहेर आले की मला हळूच सांगत, "कुलकर्णी सर, या महिन्यात एक कान आला." मधेच आईचं औषधपाणी निघालं की चेहरा पाडून, "आलेला कान परत गेला."

हा काय प्रकार, ते मला वर्षभराने कळलं. सरांच्या बी.पी.एड.साठी, म्हणजे फी, वसतिगृह, दोन पांढऱ्या पँटी आणि कॅनव्हासचे बूट यांसाठी, त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, आपली दुभती म्हैस घोडेगावच्या बाजारात विकली होती. पदवी मिळाली. नोकरी लागली ती आमच्या शाळेत, अर्धवेळ, अर्ध्या पगारावर. तेव्हापासून सर एकेक अवयव जमवून अक्काची म्हैस पुन्हा उभी करत होते.

माणूस स्वतःही सदा उभा. खुर्ची रिकामी असली तरी चहा उभ्यानेच. "बसला तो गंजला," हे ठरलेलं वाक्य. शिट्टी जेवतानाही गळ्यात. एकदा गावातल्या लग्नात पंगत काही बसेना, वधूपिता ओरडून थकला. सरांनी एक शिट्टी फुंकली आणि अख्खं वऱ्हाड ओळीत बसलं, नवरदेवासकट.

बाजाराच्या दिवशी सर घोडेगावला जाऊन नुसत्या म्हशी बघत. व्यापारी दात दाखवायला लागला की म्हणत, "दात राहू द्या, चालवून दाखवा." एका म्हशीला त्यांनी शेरा दिला, "छाती चांगली हाय, पण डावा पाय टाकताना आळस करती." व्यापारी म्हणाला, "मास्तर, म्हस घ्यायची हाय का पोलिसात भरती करायची हाय?"

दिवाळीच्या सुट्टीतही सर शाळेतच. एकटेच मैदानावर खो-खोच्या रेषांना चुना मारत राहत. आम्ही त्यालाही हसत असू.

आता माझं सांगतो. मी गणित शिकवायचो आणि अकरावीचा माझा अभ्यासक्रम कधी पुरा होत नसे. मी मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो की सर ओळखत. "न्या, सर, न्या पोरं. धावायचं काय, ती जन्मभर धावतील." जो तास घेईल त्याने नोंदवहीत सही करायची, असा नियम होता. मी वळणदार सही करी. मला सहीची हौस होती.

वर्षअखेरीला गव्हाणे सरांना पूर्णवेळ करायचा अर्ज आला. संस्थेच्या चिटणिसांनी नोंदवही उघडली. सरांच्या तासांपुढे पानोपानी माझी सही.

"यांचे तासच भरत नाहीत, तर पूर्ण पगार कशाचा द्यायचा?" असं म्हणून त्यांनी अर्ज परत केला.

मी त्याच खोलीत होतो. 'ते तास मी मागून नेले,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. आता पन्नाशीला हे लिहितानाही माझे कान तापतात.

चार दिवसांनी मैदानावर जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. ते शिट्टी पुसत होते. "म्हणजे म्हशीचे दोन पाय तुमी खाल्ले म्हणा की!" आणि खदखदून हसले. "अहो, मी गणितात दोनदा आपटलोय. पोरांचं तसं नको व्हायला. मीच दिले तास, तुमी काय चोरले व्हय?" मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "आता अजून एक वरीस लांबलं, एवढंच."

त्या 'एवढंच'ने मला जेवण जाईना.

पुढच्या वर्षी मी गणितच मैदानावर नेलं. तास सरांचा, सहीही सरांची. पोरं गोळा फेकत, मी अंतरांची सरासरी काढायला लावी. लंगडी घालत पाढे होत. मी कडेला उभा राहिलेला सरांना चालत नसे. "कुलकर्णी सर, गुडघा वर!" पोरं म्हणत, आपल्या सरांना शिक्षा झालीय. खोटं नव्हतं ते. वर्षअखेरीला नोंदवही भरली, गव्हाणे सर पूर्णवेळ झाले आणि म्हैस भराभर वाढली. आणखी वर्षभरात शिंगंही आली.

घोडेगावात म्हैस घेतली आणि आम्ही दोघे तिला शिंगणापूरला, अक्काच्या सासरी, चालवत निघालो. वाटभर सर तिला "डावा, उजवा" करत होते. ती ऐकत नव्हती, तरी सर खूश. मात्र गाव दिसलं तशी त्यांची चाल म्हशीपेक्षाही मंदावली.

शनीच्या भरवशावर शिंगणापुरात घरांना दारं नसतात. नुसती चौकट, वाजवायला कडीसुद्धा नाही. अक्काच्या घरापुढे पोचल्यावर सरांनी दावं माझ्या हातात दिलं आणि ते सावधानमध्ये उभे राहिले. शिट्टी तोंडाला लावली, पण नुसती हवा आली. शेवटी मीच हाक मारली, "अक्का, पाहुणे आलेत."

पिठाचे हात घेऊन अक्का बाहेर आल्या. म्हशीकडे त्यांनी बघितलंही नाही.

"लई वाळलास रं."

"अक्का, म्हस..." सर पुटपुटले.

"ती म्हस म्या उसनी दिल्ती व्हय तुला? तेवढ्यापायी चार भाऊबिजा आला न्हाईस? ताट करून बसायची मी, अन् समूर कुनीच न्हाई."

दिवाळीत चुना मारलेल्या त्या रेषा मला तेव्हा दिसल्या. जिथे दारच नाही, त्या घरात हा माणूस चार वर्षं पाऊल टाकू शकला नव्हता.

"बस खाली," अक्का म्हणाल्या.

तीनशे पोरांना एका शिट्टीवर बसवणारे गव्हाणे सर चौकटीच्या आत गेले आणि मांडी घालून बसले. अक्का ओवाळणीचं ताट शोधायला आत वळल्या. म्हशीचं दावं धरून मी बराच वेळ बाहेर उभा होतो, आणि कुणाला माझी आठवण झाली नाही याचं मला फार बरं वाटत होतं.