आल्याच्या चहातली रीड

शनिवारी सकाळी दहा वाजता जोकिम तुस्कानो स्वयंपाकघरात आला आणि ओट्यावरचा ग्लास रिकामा पाहून जागीच थांबला.

"थेरेसा, यातली पट्टी कुठाय?"

"ती आईस्क्रीमची काडी? जेनिसला दिली. शाळेचं प्रोजेक्ट आहे तिचं."

ती व्हर्ननची रीड होती. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बांधायची बोटाएवढी पट्टी; ती थरथरली तर वाद्य बोलणार, नाहीतर नुसतं पितळ. दहांत एखादीच चांगली निघते, असं व्हर्नन सांगे, आणि जी निघेल तिला तो महिनोन्‌महिने जपे. वाजवण्याआधी ती भिजवतात, हे जोकिमला माहीत होतं. नाश्ता करून, वाद्य इथेच ठेवून व्हर्नन लाँड्रीतून सूट आणायला गेला होता.

हॉलमध्ये जेनिस पुठ्ठ्याचं गलबत करत बसली होती. रीडचे दोन तुकडे होऊन त्यांची वल्ही झाली होती.

"ते काढ आधी."

"बट डॅडी, इट्स ऑलरेडी ग्लूड."

व्हर्नन डेट्रॉइटचा काळा अमेरिकन, जोकिम वसईचा; दोघंही इथे परदेशात पोटासाठी आलेले. जोकिम आठवडाभर मालवाहतुकीच्या ऑफिसात असे आणि शनिवारी दुपारी हॉटेलात व्हर्ननच्या जॅझ बँडमध्ये डबल बेस, म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिन, वाजवी. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्याच महिन्यात, काळ्या सूटमधल्या जोकिमला एका पाहुण्याने वेटर समजून दोन कॉफी सांगितल्या होत्या. जोकिम मुकाट्याने निघालाही होता. व्हर्ननने त्याला थांबवलं, सॅक्सोफोन खाली ठेवला, स्वतः ट्रे घेऊन गेला आणि म्हणाला, "सर, आमचे बेसवादक कामात आहेत." तेव्हापासून जोकिमने एकही शनिवार चुकवला नव्हता. जेनिसच्या चर्चमधल्या फर्स्ट कम्युनियनचासुद्धा नाही. थेरेसा ते अजून विसरलेली नव्हती.

आणि आज हॉटेलच्या नव्या मॅनेजर मरियम बँड ऐकणार होत्या. आवडला नाही तर पुढच्या महिन्यापासून डीजे. व्हर्ननचा व्हिसा हॉटेलचा. म्हणजे खलास, थेट डेट्रॉइट.

"पेटीत नव्या आहेत ना त्याच्या? एक दे," थेरेसा म्हणाली.

"नवी कडक असते गं, ओठ सोलते. आठवडाभर थोडी थोडी वाजवून मऊ करावी लागते. आणि ही बघ, पांढरी. ती तपकिरी होती."

"मग चहात बुडव. उकळतोच आहे."

"दुधाचा नको."

"दूध घातलं नाहीये अजून."

पाच मिनिटांत रीड तपकिरी झाली. थेरेसाने नखांची कानस आणली, जोकिमने कडा घासल्या. साडेअकराला बेल वाजली तेव्हा रीड त्याच ग्लासात अशी पडली होती की जणू जन्मली तिथेच.

व्हर्ननने ती जिभेवर ठेवली. चहात आलं होतं, हे जोकिमला तेव्हा आठवलं. व्हर्ननची एक भुवई वर गेली. त्याने जोकिमकडे पाहिलं, थेरेसाकडे पाहिलं, "थँक यू" म्हटलं आणि रीड खिशातल्या डबीत ठेवली.

हॉटेलात पहिलाच सूर फाटका आला. एरवी न थांबता वाहणारा व्हर्नन तीन सूर लावी आणि थांबे. मधली जागा मोकळी राही. बँडमध्ये मोकळी जागा कुणीतरी भरावी लागते, म्हणून जोकिमने भरली. आधी घाबरत, मग जरा कमी घाबरत. व्हर्नन त्याच्याकडे पाही, मान हलवी आणि पुन्हा तीनच सूर लावी. तिसऱ्या गाण्याला लोकांनी काटे-चमचे खाली ठेवले. जोकिमला मात्र दिसत होता तो व्हर्ननचा सुजलेला खालचा ओठ.

कार्यक्रम संपल्यावर मरियम आल्या. "मागच्या शनिवारी मी न सांगता येऊन बसले होते. तेव्हा लोक जेवत होते, आज ऐकत होते. वर्षभर असंच वाजवा."

पार्किंगमध्ये जोकिमने सगळं सांगून टाकलं. आईस्क्रीमची काडी, वल्ही, कानस. व्हर्ननने शांतपणे खिशातून डबी काढून उघडली. आत एक जुनी, तपकिरी रीड होती.

"माझी चांगली रीड ही. ती माझ्याजवळच असते."

"मग ग्लासातली?"

"ती मेलेली होती. शेवटचं पाणी पाजत होतो."

"अरे, मग ही चहातली लावलीस कशाला?"

"तू दिलीस म्हणून. तुझा चेहरा असा होता की नाही म्हटलं असतं तर तू बेसच्या पेटीत शिरून आतून कडी लावली असतीस."

जोकिमने डबीचं झाकण लावलं. "पुढच्या शनिवारी तरी चांगली लाव बाबा."

"नाही. आता दर शनिवारी नवी, कडक."

"ओठ फाटतील तुझे."

"फाटू देत," व्हर्नन म्हणाला. "चांगली रीड असली की मी फार बोलतो. दुसऱ्याला बोलूच देत नाही. आज कळलं, तुझ्याकडे सांगण्यासारखं किती आहे ते."

अकरा वर्षं जोकिमलाही नेमकं हेच वाटत आलं होतं. पण त्याने चेहऱ्यावर जमेल तेवढं आश्चर्य आणलं आणि गाडीचं दार उघडून धरलं.