पत्रिकेला कोंब फुटले

लेकीच्या लग्नाच्या पत्रिका छापताना मास्तरांची जाळी चौथ्यांदा तुंबली, आणि पुढच्या सगळ्या फजितीची सुरुवात तिथेच झाली.

मास्तरांनी शाळेत तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि तीस वर्षं गाजरगवताशी उभं वैर धरलं. दिसेल तिथे उपटायचं, आणि भेटेल त्याला हे बाहेरून येऊन जमीन गिळणारं तण आहे असं ऐकवायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी शत्रूला कामाला लावलं. पाला उकळायचा, तुरटी घालायची, खळ मिसळून दाट करायचा आणि चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून रबरी पट्टीनं तो रंग कागदावर नाहीतर कापडावर उतरवायचा. घरातले अभ्रे, पडदे, टॉवेल सगळे हिरवे झाले होते. "दुपारी मी आडवी झाले तर माझ्यावरही छापाल," असं बायको म्हणायची.

पण लग्नाच्या पत्रिकेवर उकळलेला रंग मळकट दिसायला लागला. मग मास्तरांनी पातेल्यात चार मुठी ताजे शेंडे, फुलांसकट, हातानं चुरडून टाकले. रंग खुलला, पण जाळीची भोकं बुजली.

"गाळून घ्या की," बायको म्हणाली.

"तुला यातलं कळत नाही."

"तीस वर्षं तुमचा चहा गाळतेय मी."

आता गाळायचं म्हणजे बायकोचं ऐकायचं. त्यापेक्षा मास्तरांनी चौकटीवर जुनी मच्छरदाणी ताणली. रंग सरसर उतरला. प्रत्येक पत्रिकेवर बारीक काळे कण तेवढे चिकटले, पण हातानं केलेल्या वस्तूत असं व्हायचंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पत्रिका पोहोचल्या आणि विहीणबाईंचा फोन आला.

"मास्तर, काय सुंदर पत्रिका हो! आणि त्यात बियासुद्धा! म्हणजे लग्न झालं की मातीत पेरायची, हो ना? आमच्या धाकट्या जाऊबाईंनी लगेच ओळखलं. एवढं डोकं आमच्याकडे नाही बाई कुणाचं!"

खरं सांगायचं तर 'मी रंग गाळला नाही' असं म्हणावं लागणार होतं. तेही नव्या विहीणबाईंना. मास्तर एका दमात हरभऱ्याच्या झाडावर चढले.

"हो, म्हणजे... तीच कल्पना होती."

"कसलं रोप येईल?"

"ती गंमत आहे," मास्तर म्हणाले आणि घाईनं फोन ठेवला. उकळलेल्यातून काय उगवणार, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. ताजे शेंडे ते सोयीस्करपणे विसरले.

लग्नात विहीणबाईंनी माईक हातात घेतला. "पत्रिका फेकू नका, पेरा! ही आमच्या व्याह्यांची कल्पना." टाळ्या पडल्या. मास्तरांनी त्या मान लववून स्वीकारल्याही. पुढे कितीतरी दिवस त्यांना आठवत राहिली ती हीच लववलेली मान.

लेक सासरी गेली. "बाबा, या ना," असं ती फोनवर म्हणायची, पण लगेच जाणं बरं दिसत नाही म्हणून मास्तर टाळायचे. दीड महिन्यानं तिचा फोन आला. "बाबा, उगवलं! सासूबाई रोज पाणी घालतात. पानं अगदी गाजरासारखी आहेत म्हणाल्या."

गाजरासारखी पानं कशाची, हे मास्तरांना वेगळं सांगायला नको होतं. त्याच रविवारी ते लेकीच्या घरी थडकले. गच्चीवर चार कुंड्यांत गाजरगवत नुसतं माजलं होतं. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर समोर लेक उभी, तणावरची सगळी व्याख्यानं जन्मभर कानांआड करूनही बापाच्या कौतुकानं फुललेली. त्यांनी तोंड मिटलं. विहीणबाई चहा आणायला वळल्या तसं मास्तरांनी सगळ्या कळ्या खुडून खिशात कोंबल्या. फूल नाही तर बी नाही. पण खुडलं की दुप्पट फुटतं, म्हणून पुढच्या रविवारीही आले. मग दर रविवारी यावं लागलं.

मधल्या वारी ते बाकीच्या पाहुण्यांकडे उगवलेलं गुपचूप उपटायला चकरा मारत. एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना कुंपणाशी वाकलेलं पाहिलं आणि तो धावत आला.

"सर, माफ करा. तुमच्या पत्रिकेतलं काही उगवलंच नाही. आमची मातीच वाईट. नुसतं गाजरगवत आलं. तुम्ही शिकवलं होतं तसं मुळासकट उपटलं."

"शाबास," मास्तर कसेबसे म्हणाले. वर्गात इतकी वर्षं ताठ उभं राहिलेल्या माणसाला त्या पोराच्या डोळ्यांत बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहाव्या रविवारी लेक खाली गेल्यावर त्यांनी गच्चीवर हात जोडले. "विहीणबाई, मी खोटं बोललो. कल्पनाबिल्पना काही नव्हती. मी रंग गाळला नाही. हे गाजरगवत आहे."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"हाताला खाज सुटली तेव्हापासून. माळ्यानं बघताक्षणी सांगितलं."

"मग उपटलं का नाही?"

विहीणबाईंनी जिन्याकडे पाहून आवाज उतरवला. "सूनबाई पहिला दीड महिना न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आम्हाला कळत नाही असं तिला वाटायचं. तुम्ही रविवारचे यायला लागलात, तशी शनिवारपासूनच गुणगुणते. मी कशी उपटू?"

 इतके रविवार मास्तर या घरी आले, पण लेकीच्या तोंडाकडे त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. सगळं लक्ष कळ्यांवर होतं. खोटेपणाची लाज वाटली त्याहून याची जास्त वाटली. खाली बसून त्यांनी चारही कुंड्या मोकळ्या केल्या आणि सगळं पिशवीत भरलं.

विहीणबाई आत जाऊन एक पत्रिका घेऊन आल्या. "ही एक जपून ठेवलीय. पेरू?"

"नको!" मास्तर ओरडलेच.

"मग पुढच्या रविवारी कसले याल?"

खालून लेकीनं चहासाठी हाक मारली. मास्तरांनी हाताची माती झटकली.

"येईन," ते म्हणाले. "नुसताच येईन."