सामायिक खळ्यातला घन

प्राप्तीचा घन तीन वेळा परत आला होता. पहिल्या वेळी सरांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढलं, दुसऱ्या वेळी फुली मारली, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तिसऱ्यांदा परत करताना कोपऱ्यात लिहिलं, 'हा घन नाही. हा पावसात भिजलेला खोका आहे.' त्याखाली आणखी एक ओळ होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी बिनचूक घन आला नाही, तर हा विषय पुढच्या वर्षी पुन्हा.

प्राप्ती पनवेलकडच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. म्हसळ्याहून दिघीकडे जाताना लागणाऱ्या त्यांच्या वाडीतून या शिक्षणाला गेलेली ती पहिलीच. वडील, परेश, मुंबईला कंपनीत होते आणि आई, कोकिळा, घर आणि शेत बघत होती. सुट्टीचा आता एकच दिवस उरला होता आणि ड्रॉइंगचा कागदही एकच. नवा कागद मिळणारं म्हसळ्याचं दुकान दिवाळीसाठी बंद होतं.

चूक कुठे होती ते प्राप्तीला कळलं होतं. घनाच्या कडा तीन दिशांना जातात. एका दिशेच्या कडा प्रत्यक्षात समांतर असल्या, तरी चित्रात त्या लांब कुठेतरी एका बिंदूत जाऊन मिळतात. त्याला लोपबिंदू म्हणतात. तीन दिशांचे तीन लोपबिंदू. तिने आतापर्यंत तिन्ही बिंदू कागदावरच बसवले होते, त्यामुळे घन चेंगरत होता. उभ्या माणसाने खाली पाहिल्यावर तो खरा वाटायला हवा असेल, तर हे बिंदू एकमेकांपासून बारा-बारा फुटांवर हवेत, असं तिने गणित मांडून काढलं. कागद दोन फुटांचा होता.

तिने आधी घरात प्रयत्न केला. पहिला लोपबिंदू फ्रिजच्या मागे गेला. तिसरा दाराबाहेर चपलांमध्ये. दुसरा देवघरात, समईच्या जागेवर. तिथे खिळा ठोकायला कोकिळाने साफ नकार दिला, आणि भाताचं पातेलं घेऊन दोऱ्यावरून दुसऱ्यांदा उडी मारावी लागल्यावर तिने प्राप्तीला तिच्या सगळ्या बिंदूंसकट बाहेर काढलं.

बाहेर खळं होतं. भात कापून झालं होतं, भारे कडेला रचले होते, आणि उद्या झोडणी सुरू व्हायची म्हणून आदल्याच दिवशी खळं चोपून शेणाने सारवलं होतं. वाडीत एवढी मोठी आणि एवढी सपाट जागा दुसरी नव्हती. प्राप्तीने मधोमध फळी ठेवून कागद लावला, मोजून तीन बाजूंना तीन खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक खुंटीला पांढरा दोरा बांधला. दोरा ताणून कागदावर आणायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. तासाभरात घनाचा जवळचा कोपरा, त्यातून निघणाऱ्या तीन कडा आणि वरची बाजू इतकं बिनचूक उतरलं, की जेवायला जाताना ती दोनदा मागे वळून बघत गेली.

एक गोष्ट मात्र तिच्या हिशेबात नव्हती. खळं चार घरांचं सामायिक होतं. त्यावर चार वाटे होते. एकही रेघ कुठे काढलेली नव्हती, पण कोणाचा वाटा कुठे संपतो हे चारही घरांना बोटभर चूक न करता सांगता आलं असतं. सारवतानासुद्धा प्रत्येक घर आपापल्या हद्दीत थांबायचं. प्राप्तीचा कागद तिच्या घरच्या वाट्यात होता. तीन खुंट्या बरोबर उरलेल्या तीन वाट्यांत पडल्या होत्या.

पहिली खुंटी मोरूकाकाला दिसली. तो परेशचा चुलत भाऊ, उंच, आणि मनातलं मनात ठेवणारा. ताज्या सारवणात ठोकलेली खुंटी आणि ताणलेला दोरा त्याने पाहिला आणि त्याला सगळं समजलं. पलीकडच्या वाडीत मागच्या वर्षी असेच दोरे लागले होते आणि महिन्याभरात खळ्याची वाटणी होऊन त्यावर एकाने स्लॅबची खोली बांधली होती. इथे तर घरातच शिकलेली पोरगी होती. त्याने जवळ जाऊन कागद पाहिला. कागदावर खोली होती. दारं-खिडक्या अजून काढायच्या होत्या, एवढंच.

त्याने प्राप्तीला काही विचारलं नाही. मुंबईला परेशला फोन लावला आणि वाटणी करायचीच होती तर तोंडाने सांगायला काय झालं होतं, असं विचारून ठेवून दिला. परेशने कोकिळाला फोन लावला. कोकिळा म्हणाली की पोरगी खोका काढत्ये, वाटणीचं आपल्याला काही ठाऊक नाही. खोका कसला, हे सांगायच्या आत तिची भाजी लागायला आली, म्हणून तिनेही फोन ठेवला. परेशने पुन्हा मोरूला फोन करून सांगितलं, की काळजी करू नको, नुसता खोका आहे. तेव्हा मोरूची खात्री पटली की नवराबायको दोघंही सामील आहेत.

मग त्याने खुंटी उपटली आणि हद्द दाखवायला आपल्या वाट्याच्या अगदी काठावर, कागदाच्या बाजूला नेऊन ठोकली.

हे सोनूबाईने तिच्या ओट्यावरून पाहिलं. सोनूबाई नात्याने प्राप्तीची चुलत आजी. आयुष्यभर भाताची लावणी केल्याने तिची पाठ कायमची वाकली होती, पण नजर शाबूत होती. मोरू खुंटी सरकवतो म्हणजे मोजणी चालली आहे आणि आपण मागे राहतो आहोत, एवढा अर्थ तिला पुरेसा होता. तिने आपल्या वाट्यातली खुंटी काढली आणि दोन फूट आत कागदाकडे ढकलली. तिसरी खुंटी कोंडाजीआबांच्या वाट्यात होती. आबा सगळ्यांत वडील आणि कायद्याचे जाणकार. त्यांनी खुंटीला हात लावला नाही. घरातून शेळी आणली आणि खुंटीला बांधली. शेळी बांधली की वहिवाट झाली, ती कोर्टालाही मानावी लागते.

प्राप्ती जेवून आली आणि उरलेल्या रेघा काढू लागली. घनाचा मागचा, झाकलेला कोपरा ही सगळ्या कामाची परीक्षा असते. तीन लोपबिंदूंकडे जाणाऱ्या तीन रेघा तिथे एकाच बिंदूत मिळायला हव्यात. त्या मिळेनात. अकरा मिलिमीटरची फट राहिली. तिने गणित तपासलं, ते बरोबर होतं. मग सकाळच्या एका रेघेवर दोरा ताणून धरला. तो रेघेवर बसला नाही. दुसराही बसला नाही. तिसरा थोडा वेळ बसला आणि मग तिच्या डोळ्यांदेखत सरकू लागला. तिने दोऱ्याच्या दिशेने मान वर केली. तिसऱ्या लोपबिंदूवर शेळी भाऱ्यातलं भात खायला मान ताणत होती.

प्राप्तीने शेळी सोडली. त्याबरोबर आबा घरातून बाहेर आले. आबांचा आवाज चढला म्हणून मोरू आला, मोरू आला म्हणून सोनूबाई आली, आणि शेवटी हातातलं उलथनं तसंच घेऊन कोकिळा आली.

"वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," मोरू म्हणाला.

"कसली?"

"खोली बांधताय."

"आमची न्हाणी गळत्ये ती दुरुस्त होईना भावोजी, आणि खोली कुठनं बांधू?"

मोरूने कागदाकडे बोट दाखवलं. प्राप्तीने सांगितलं की ती खोली नाही, तो घन आहे, तो काढला नाही तर आपलं वर्ष जाईल. लोपबिंदू म्हणजे काय तेही समजावलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आबांनी घनाची उंची वितीने मोजली. वीतसुद्धा भरली नाही.

"एवढ्याशा खोक्याला खळंभर दोरा?"

"लागतो, आबा."

"मग कशाला काढत्येस गो? आमच्या घरात साबणाचा रिकामा खोका हाय. तो ने सरांना."

प्राप्तीने उन्हाकडे पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. कागदाची एक बाजू वाया गेली होती, आणि उद्या सकाळी या खळ्यावर भात झोडायचं होतं. तिने हळू आवाजात सांगितलं, की खुंट्या तिला जिथे होत्या तिथेच हव्यात असं नाही. तिघांनी आपल्याला पटेल तिथे त्या ठोकाव्यात. फक्त तीन खुंट्यांच्या त्रिकोणाचा एकही कोन काटकोन किंवा त्याहून मोठा होता कामा नये, काटकोनाच्या जवळपासही नको. तेवढं सांभाळलं तर घन होतोच. मोठा होईल, लहान होईल, पण खरा होईल.

असं काही मागितलं जाईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. वाटणी करणारा माणूस समोरच्याला खुंटी कुठे हवी ते विचारत नाही.

सोनूबाईने तिची खुंटी हलवून बघितली आणि तिथेच राहू दे म्हणाली. आबांनी शेळी घरात पाठवली. अडचण मोरूच्या खुंटीची होती. प्राप्तीने तिथे गुण्या लावला. बरोबर काटकोन होता.

"काका, दोन हात मागे घ्यावी लागेल. तुमच्या वाट्यात."

"एक हात."

"एका हाताने काही होत नाही."

"मोरू, पोरीचं वर्ष जातंय," सोनूबाई म्हणाली. "तुझं काय जातंय?"

मोरूने खुंटी उपटली आणि हाताने अंतर मोजत मागे नेली. दीड हातावर जमलं. प्राप्तीने कोन मोजला, सत्तर अंश. तिने तीनही खुंट्यांपासून समोरच्या बाजूंवर लंब टाकले. ते जिथे एकमेकांना मिळतात तिथे कागद ठेवावा लागतो. ती जागा आता सोनूबाईच्या वाट्यात आली होती. सोनूबाईने पदराने सारवण झटकून जागा करून दिली.

प्राप्तीने कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर पुन्हा सुरुवात केली. मोरू आपल्या खुंटीशी राखण बसला. राखण कोणापासून हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण कोंबडी जरी आली तरी तो तिला हाकलत होता. आबा दोरा ताणून धरत होते आणि दर रेघेनंतर "बसला?" असं विचारत होते. ऊन बांधावर गेलं तेव्हा प्राप्तीने शेवटच्या तीन रेघा ओढल्या. तिन्ही एका बिंदूत मिळाल्या. तिने भिंग लावून पाहिलं. फट नव्हती.

मोरूने वाकून पाहिलं आणि सकाळचाच बरा होता असं मत दिलं. आबांनाही तो थोडा आडवा वाटला. सोनूबाई मात्र नेहमी उभी राहते तशीच कागदापाशी वाकून उभी राहिली आणि हललीच नाही.

"अगो बाय," ती म्हणाली. "हा वर आलाय कागदातनं."

प्राप्तीने मनात आकडे मांडले. खुंट्या आत आल्यामुळे घन खरा दिसायची उंचीही खाली आली होती, कागदापासून जेमतेम चार फूट. तिने सांगितलं की डोळा बरोबर आजीच्या डोळ्याच्या जागी हवा, आणि एक डोळा मिटायला हवा. मग ओळीने सगळे आले. सोनूबाईच्या वाट्यात पाय ठेवण्याआधी मोरूने तिला विचारलं. ती म्हणाली, ये, पण सारवण राखून. तो गुडघ्यांत वाकला, आणखी वाकला, एक डोळा मिटला, आणि तसाच राहिला. शेवटी कोकिळाने त्याला उलथन्याने टोचलं, कारण तिलाही बघायचं होतं.

सोमवारी सरांनी कागद टेबलावर पसरला. झाकलेला कोपरा तपासला, कर्कटक फिरवून तिन्ही कडांची मापं ताडून पाहिली आणि सही केली. कागद परत देताना मात्र ते थांबले. वर्गातल्या सगळ्यांचे लोपबिंदूंचे त्रिकोण समभुज होते, पुस्तकात आहेत तसे. कडेला लिहिलेल्या मापांप्रमाणे या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू वेगळ्या होत्या आणि तरी सगळं चोख होतं.

"लोपबिंदू नेमके हेच का घेतले? काहीतरी विचार केला असेल."

प्राप्तीने खरं तेच सांगितलं.

"चार घरांच्या संमतीनं, सर."